पाठीवरचं नाव

दीनानाथशेठ बोलून गेले तेव्हा दुकानात पाच गिऱ्हाइकं होती, आणि पाचही जण हसले. शेठचं बोलणं नसीमबानूने एक वेळ सोडून दिलं असतं. तीस वर्षांत तसं बरंच सोडलं होतं. पण ते हसणं तिला झोंबलं.

बुधवार पेठेतल्या एका बोळात शेठचं ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आहे. तिथे छताला टांगलेली एकूण एक सॅक गंज पेठेत, नसीमबानूच्या दोन खोल्यांत शिवलेली असते. पूर्वी नवरा चांद कापड कापायचा आणि ती शिवायची. चांद जाऊन सहा वर्षं झाली. आता ती, हाताखालच्या दोन बायका आणि चार मशिनी. सगळी सॅक शिवून झाली की शेवटी पाठीमागे ठळक लाल अक्षरांत दुकानाचं नाव असलेलं लेबल लागतं. ते लेबलही तीच लावते.

त्या दिवशी तिने नवीन सॅक नेली होती. मुली तक्रारी घेऊन यायच्या, पट्टा खांद्यावरून घसरतो, मान दुखते. शेठ त्यांना सांगायचे, "सवय होईल." नसीमबानूने मात्र वर्षभर डोकं चालवलं, कापड कापायचा पुठ्ठ्याचा फर्मा नवा केला, पट्टे जवळ आणले, छातीवर आडवा पट्टा दिला आणि ती सॅक शेठच्या पुढ्यात ठेवली.

"ही बायकांची सॅक."

"बायकांना पाठ वेगळी असते का हो?"

"असते. तुम्ही कधी शिवली नाहीत, म्हणून ठाऊक नाही. आणि शेठ, हिच्यावर लेबल माझ्या नावाचं लागेल. नमुना माझा आहे."

शेठनी चष्मा वर सरकवला. पुण्यात माणूस असा चष्मा वर सरकवतो तेव्हा समोरच्याने सावध व्हावं. "नसीमबी, उभ्या आयुष्यात तुम्ही पर्वती तरी चढलात का? शिवायचं काम तुमचं, डोकं लावायचं आमचं. नाहीतर असं करा. ही सॅक भरून पाठीवर घ्या आणि कात्रजच्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत चालत जा. पोचलात तर तुमच्या नावाचं लेबल लावतो. फोटोसकट लावतो!"

तेव्हा ते पाच जण हसले.

"पाच लोकांसमोर बोललात," नसीमबानू म्हणाली. "लक्षात ठेवा." आणि सॅक उचलून ती बोळातून चालती झाली.

घरी मुलाने, आफताबने, डोक्याला हात लावला. कात्रज ते सिंहगड म्हणजे डोंगराच्या धारेवरून पंधरा-सोळा किलोमीटर, एकामागून एक तेरा टेकड्या, चढ-उतार, चढ-उतार. "अम्मी, घुटनों का तो सोचो."

"घुटनों से पूछ लिया मैंने," ती म्हणाली आणि मशीनवर बसली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई हट्टाला पेटली की मुलाने काय करावं? आफताबने तिला बूट आणून दिले आणि एका ट्रेकिंग ग्रुपचा नंबर काढून दिला. ग्रुपचा प्रमुख ऋषी नावाचा तिशीतला तरुण. तो फोनवर म्हणाला, "काकू, आमच्याकडे वयाची अट आहे."

"कुठे लिहिली आहे?"

"लिहिलेली नाहीये, पण..."

"मग मी वाचलेली नाही. किती वाजता यायचं?"

डिसेंबरातल्या एका रविवारी, नुकतं उजाडताना, जुन्या बोगद्यावरच्या वाघजाईच्या देवळापाशी चौदा जण जमले. ऋषीने नियम सांगितला. सहाव्या टेकडीवरून खाली गावात उतरणारी एक वाट आहे. साडेअकरापर्यंत जो तिथे पोचणार नाही, त्याने त्या वाटेने उतरून बस पकडायची. सांगताना तो सगळ्यांकडे बघत होता, पण सांगत होता एकीलाच, हे तिला कळत होतं.

पहिल्याच चढाला ती सगळ्यांच्या मागे पडली. धाप लागली होती, पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण मागे पडण्याचा एक फायदा झाला. पुढच्या सगळ्या पाठी तिला दिसत होत्या. तेरांपैकी नऊ सॅका तिच्या हातच्या होत्या. आपल्या शिवणीच्या कोपऱ्यातला उलटा टाका तिने शंभर पावलांवरूनही ओळखला असता. लाल कॅनव्हासची ती चांदने कापलेली, ती हिरवी अलीकडची. तिच्या खोलीतून बाहेर पडलेल्या या वस्तू नंतर कुठे जातात, हे ती तीस वर्षांत पहिल्यांदा बघत होती. डोंगरावर जातात, उन्हातून, धुळीतून, अशा डुलत डुलत. मग तिची नजर लेबलांवर गेली. नऊ पाठींवर एकच नाव होतं आणि ते तिचं नव्हतं.

तिच्या जरा पुढे तनुजा नावाची मुलगी चालत होती. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणारी, सडपातळ, बोलघेवडी. तिने सॅकचे दोन्ही पट्टे छातीवर बुटाच्या नाडीने एकमेकांना बांधले होते.

"हे काय केलंस?"

"काय करू काकू, पट्टे बाहेर घसरतात. ज्याने ही शिवली ना, त्याने बहुतेक आपल्या पैलवान भावासाठी शिवली."

"नवऱ्यासाठी," नसीमबानू म्हणाली.

तनुजा थांबलीच. मग नसीमबानूने तिला सांगून टाकलं. सॅक तिनेच शिवलेली. चांद अंगाने रुंद होता. दुकानात तेव्हा बाया यायच्याच नाहीत, म्हणून प्रत्येक सॅक चांदच्या पाठीवर घालून बघायची, हीच त्यांच्या घरची पद्धत. चांदच्या मापाचा फर्मा अजून खिळ्याला टांगलेला होता. हजारो पोरींचे खांदे त्या एका पाठीने दुखवले होते. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "ती सुधारायलाच निघालेय."

आपल्या पाठीवरची सॅक तिने वळून दाखवली. तनुजाने पट्टे चाचपले, चेन उघडून आत डोकावलं आणि किंचाळली, "काकू, ज्वारी?"

"पाच किलो. शेठ म्हणाले होते, भरलेली सॅक."

"इथे झुडपात ठेवा ना! कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

तिसऱ्या टेकडीचा चढ उभा होता, नुसता मुरूम. पाऊल टाकावं तर अर्धं मागे यायचं. वर कुठे पाय ठेवायचा ते बघायला तिने मान उचलली आणि सॅकचं झाकण टाळक्यावर आपटलं. पुन्हा उचलली, पुन्हा आपटलं. शेवटी मान खाली घालून, आपल्याच बुटांकडे बघत ती चढली. वाट चुकली, गुडघ्यावर पडली, हात सोलवटले. चौथ्या टेकडीवरही तेच झालं. ऋषी वर थांबून घड्याळ बघत होता. त्याचं ते सारखं मनगट वळवून बघणं तिला बोलण्याहून जास्त लागत होतं.

पाचव्या टेकडीच्या माथ्यावर एक म्हातारा विळ्याने गवत कापत होता. हिंदुराव त्याचं नाव. खालच्या गावचा शेतकरी. गाव पुणे महापालिकेत गेलं होतं, जमिनीवर इमारती आल्या होत्या, पण दोन म्हशी त्याने राखल्या होत्या आणि त्यांच्यासाठी तो अजून वर चढत होता. नसीमबानू धापा टाकत माथ्यावर आली तशी त्याने हातातला विळा खाली ठेवला.

"बाई, म्या मघापासनं बघतोय. मान खाली घालून का चालताय? कुणाचं काय चोरलंय व्हय?"

"सॅक डोक्याला लागते."

"मग ती सॅक काय कामाची! आमची मंडळी डोईवर एवढा भारा घेती, तरी समोर बघती. डोंगरावर वर बघाय लागतंय."

नसीमबानू मटकन खाली बसली. पाय दुखत होते म्हणून नव्हे. आपण काय केलंय ते तिला एकदम दिसलं होतं. हा फर्मा तिने मशीनवर बसून आखला होता. सॅक पाठीवर चढवून बघितली ती दोन खोल्यांत, आणि बघितली कुणी, तर तिने आणि हाताखालच्या दोघींनी. तिघींच्याही माना जन्मभर सुईकडे बघून खाली वळलेल्या. सॅक घेतलेल्या माणसाला वर बघावं लागतं, ही गोष्ट तिघींपैकी एकीच्याही मनात आली नव्हती. चांदने सगळ्या जगाची पाठ आपल्या पाठीसारखी धरली, आणि त्याला नावं ठेवत तिने सगळ्या जगाची मान आपल्या मानेसारखी धरली.

तिला स्वतःचाच भयंकर राग आला. शेठ खरे ठरले होते. पर्वतीसुद्धा चढली नव्हती ती.

मग तिने सॅक उलटी केली. ज्वारी, पाण्याच्या बाटल्या, डबा, सगळं गवतावर काढलं. तळाच्या खिशातून दाभण, मेणाचा दोरा आणि ब्लेड बाहेर आलं. शिवणारी बाई याशिवाय घराबाहेर पडत नाही.

"काकू, काय चाललंय?" ऋषी धावत आला.

"पट्टे खाली लागलेत. चार बोटं वर घेतले की सॅक चार बोटं खाली बसेल."

"आत्ता? इथे? अकरा वाजलेत. खाली घरी जाऊन करा ना."

"घरी केलं तेच चुकलंय."

आणि तिने ब्लेडने पहिला टाका उसवला. कॅनव्हासच्या चार पदरांतून दाभण हाताने काढायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. ठोकल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हतं. तनुजाने एक चपटा दगड आणून दिला. हिंदुराव समोर उकिडवा बसून बारकाईने बघू लागला. एका पट्ट्याला पंचवीस मिनिटं लागली, दुसऱ्याला जरा कमी. बोटातून रक्त आलं, ते तिने ओढणीला पुसलं. बाकीच्यांना ऋषीने ग्रुपचं काम त्याच्या जोडीने बघणाऱ्या शेफालीबरोबर पुढे पाठवून दिलं आणि स्वतः येरझारा घालत राहिला.

सॅक भरून तिने पाठीवर चढवली आणि मान वर केली. झाकण लागलं नाही. आणखी वर केली. निळंभोर आकाश दिसलं, एक घार दिसली. खाली उजव्या हाताला खडकवासल्याचं पाणी चमकत होतं. ते सकाळपासून तिथेच असणार, पण तिला आत्ता दिसलं.

"आता कसं!" हिंदुराव म्हणाला. "आन् हे बघा, उतरताना ह्या पोरांगत नाकासमोर सरळ उतरू नका, गुडघं जातील. जनावराची वाट धरा. आडवी जाती, पर पाय घसरत न्हाई." त्याने विळ्याच्या टोकाने समोरच्या उतारावरची बारीक पांढरी रेघ दाखवली. "एरवी ही पोरं रातचीच डोक्याला दिवं लावून ह्या डोंगरावरनं पळत्यात. त्यास्नी ती दिसायची न्हाई."

सहाव्या टेकडीवर ती पोचली तेव्हा सव्वाबारा झाले होते. गावाकडे उतरणारी वाट डाव्या हाताला स्वच्छ दिसत होती. ऋषी त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"काकू, नियम म्हणजे नियम. पाऊण तास उशीर झालाय. अजून सात टेकड्या आहेत. तुम्हाला काही झालं तर जबाबदार मी."

"बरोबर आहे तुझं."

"मग चला खाली."

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खाली जाणार नाही. तू काळजीने बोलतोयस, ते दिसतंय मला. पण मी सिंहगडाला जाणार."

ऋषीचा पारा चढला. "हा हट्ट आहे, काकू! डोंगरात हट्ट चालत नाही."

"हट्टच आहे. तीस वर्षं चारचौघींसारखी शहाणी होते, त्याचं काय झालं?" ती मागे सरली नाही. "तुझ्या पाठीवरची सॅक किती वर्षांची आहे?"

"बारा." तो चमकला. "का?"

"कुठे उसवली?"

ऋषीने पट्ट्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "कुठेच नाही."

"इतकी वर्षं माझ्या हातांचा भरवसा धरलास, न विचारता. आता संध्याकाळपर्यंत माझ्या पायांचा धर. नवव्या टेकडीला अडीचच्या आत पोचले नाही, तर तू म्हणशील तिथून उतरेन. शब्द देते."

तनुजाने मुकाट्याने तिच्या शेजारी येऊन पाय रोवले. ऋषीने एकदा वाटेकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, मग हात टेकले. "मी तुमच्या मागे चालणार," तो म्हणाला. "आणि बोलणार नाही. कारण बोललो तर भांडेन."

ती जनावराच्या वाटेने उतरली. खरंच पाय घसरत नव्हता. चढ मात्र चढासारखेच होते, तिथे कुणाची युक्ती चालत नव्हती. सातवी टेकडी तिने रागावर काढली. आठवीला राग संपला, तेव्हा चांदची आठवण काढत, त्याच्याशी मनातल्या मनात भांडत चढली. नववीला पोचली तेव्हा दोन वीस झाले होते. ऋषीने घड्याळ बघितलं आणि बाही खाली ओढली. त्यानंतर दिवसभरात त्याने ते बघितलं नाही. दहावीवर तिने डबा उघडला आणि तिघांनी मिळून खिमा-पाव संपवला. अकरावीच्या चढावर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थकव्याचं होतं की कशाचं, तिने शोध घेतला नाही. तनुजा मधेच म्हणाली, "काकू, दहा मिनिटं बदलून बघू का सॅक?" नसीमबानूने साफ नकार दिला. उरलेल्या दोन टेकड्यांवर ती फक्त वर बघत चालली.

सहाला दहा कमी असताना तिचे बूट सिंहगडाच्या डांबरी रस्त्याला लागले. कात्रजहून येणारी वाट इथेच संपते. सूर्य गडाच्या मागे गेला होता. पुढे आलेले अकरा जण एका टपरीवर भजी खात बसले होते. ते उठून उभे राहिले. सगळ्यांना तनुजाने काय ते सांगायला सुरुवात केली, आणि जितकं घडलं होतं त्याच्या दुप्पट सांगितलं. शेफालीने सॅक मागून घेतली, चढवली, मान वर-खाली केली आणि म्हणाली, "आम्हाला मुलींसाठी अशाच सहा पाहिजेत."

नसीमबानू कठड्यावर बसली आणि तिने दीनानाथशेठना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. पाच जणांसमोर झालेलं बोलणं होतं, ते एकटीने का ऐकायचं?

"पोचले, शेठ."

"कुठे?"

"सिंहगडाच्या रस्त्यावर. कात्रजपासून चालत. सॅक भरलेली आहे. तेरा जण साक्षीला आहेत, देऊ का फोन?"

"अहो नसीमबी," शेठ म्हणाले, "मी चेष्टा केली होती."

"मी नव्हती केली."

"बरं, बरं. चिडू नका." शेठचा आवाज एकदम दुकानदाराचा झाला. "पट्टे कसे वाटले?"

"आधी चुकले होते. वाटेत सुधारले. आता बरोबर आहेत. इथे सहा मागितल्यात."

"सहा? वा! मग लावू की तुमचं नाव. शब्द म्हणजे शब्द. आतल्या बाजूला, झाकणाखाली, छोटंसं, छान दिसेल. बाहेर काय, दुकानाचं असतंच नेहमीचं."

टपरीच्या भिंतीशी सगळ्यांच्या सॅका ओळीने उभ्या करून ठेवल्या होत्या, पाठ बाहेर करून. नऊ ठिकाणी तीच लाल अक्षरं. आज दिवसभर तिने ती मागून वाचली होती, चढाला, उताराला, धुळीत, पडून उठल्यावर.

"नाही शेठ," नसीमबानू म्हणाली. "माझं नाव बाहेर लागेल. पाठीवर, मोठ्या अक्षरांत. मागून चालणाऱ्याला वाचता आलं पाहिजे."

"आणि मग दुकानाचं?"

"तुमचं हवं असेल तर लावते ना, झाकणाखाली. छोटंसं. छान दिसेल."

या वेळी तेरा जण हसले. तिने फोन बंद केला, बूट काढले आणि टपरीवाल्याला आपल्यासाठी एक चहा सांगितला.